पडलेला पुन्हा उभा राहतो का? मुष्टियोद्धा फ्लॉइड पॅटरसनची गोष्ट



आज आम्ही तुम्हाला एका मुष्टियोद्ध्याची, म्हणजे बॉक्सरची गोष्ट सांगणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात बॉक्सिंग कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या गटांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एखादीने कर्ज काढून कोंबड्या घेतल्या आणि रोगाने सगळ्या गेल्या. एखादीने पापडाचा मोठा माल केला आणि पावसाने तो भिजला. मग ती बैठकीला येईनाशी होते. हप्त्याची काळजी असतेच, पण त्याहून मोठी असते लाज. आणि इकडे बैठकीत बाकीच्या जणी विचारतात, "तिला पुन्हा कर्ज द्यायचं का? तिला आता जमेल का?"

जोरात पडलेलं माणूस पुन्हा उभं राहतं का, हा प्रश्न बॉक्सिंगच्या दुनियेत सव्वाशे वर्षं विचारला जातोय. तिथे पडणं अगदी उघड असतं. हजारो लोकांसमोर माणूस जमिनीवर आडवा होतो आणि पंच मोठ्याने आकडे मोजतो. म्हणून हा प्रश्न समजून घ्यायला ती जागा बरी.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे कुस्ती सगळ्यांना ठाऊक आहे. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला. बॉक्सिंगमध्ये तसं नाही. ठोसा बसून खेळाडू पडला, तर पंच एक ते दहा आकडे मोजतो. दहाच्या आत जो उठला, त्याला पुढे लढता येतं. तीन मिनिटांची एक फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. आम्ही ज्या काळाबद्दल बोलतोय, त्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असायची. सगळ्यात भारी वजनाच्या गटाला हेवीवेट म्हणतात आणि त्या गटाच्या जगज्जेत्याचा मान सर्वांत मोठा समजला जायचा.

या हेवीवेट गटात जुनी म्हण होती की, गेलेले परत येत नाहीत. म्हणजे एकदा किताब गमावला की तो माणूस संपला. ही म्हण उगाच पडलेली नव्हती. जिम कॉर्बेटने १८९७ मध्ये किताब गमावला. त्याने १९०० आणि १९०३ मध्ये दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा हरला. त्याला हरवणारा बॉब फिट्झसिमन्सही पुढे हरला आणि १९०२ मध्ये परत मिळवायला गेला तेव्हा पुन्हा पडला. जिम जेफ्रीज न हरताच निवृत्त झाला होता. त्याला लोकांनी भरीस घालून १९१० मध्ये रिंगणात आणलं, तोही हरला. जॅक डेम्प्सी १९२७ मध्ये हरला. जो लुईसारखा थोर खेळाडू १९५० मध्ये हरला. एझर्ड चार्ल्सने पुढे तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा हरला. जर्सी जो वॉल्कॉट १९५३ मध्ये पहिल्याच फेरीत पडला. म्हणजे साठएक वर्षांत एकालाही जमलं नव्हतं. ज्याला पहिल्यांदा जमलं, तो फ्लॉइड पॅटरसन.

फ्लॉइडचा जन्म ४ जानेवारी १९३५ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. घरात ११ भावंडं. तो लहान असतानाच कुटुंब पोटासाठी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात आलं. काळ्या लोकांची गरीब वस्ती, एवढीशी जागा, खाणारी तोंडं भरपूर. आई दुसऱ्यांच्या घरी काम करायची. फ्लॉइड बुजरा होता, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. शाळा बुडवायचा. भुयारी रेल्वेच्या बोगद्यात कामगारांची अवजारं ठेवायची एक खोली होती, त्या अंधारात एकटाच लपून बसायचा. घरात त्याचा एक फोटो होता. त्या फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर त्याने ओरखडे ओढून ठेवले होते. आईला म्हणाला, हा मुलगा मला आवडत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा. या पोराची लाज रिंगणात सुरू झालेली नव्हती. ती त्याच्याबरोबर लहानपणापासून होती.

छोट्यामोठ्या चोऱ्या करताना तो पकडला जायचा. शेवटी दहाएक वर्षांचा असताना त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक नावाच्या मुलांच्या शाळेत पाठवलं. बिघडलेल्या म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी ती निवासी शाळा होती. तिथे कुंपण नव्हतं, मोकळी जमीन होती आणि जीव लावणाऱ्या शिक्षिका होत्या. तिथेच तो वाचायला शिकला, वर्गात तोंड उघडायला शिकला, आणि तिथेच पहिल्यांदा हातात बॉक्सिंगचे मोजे घातले. परत आल्यावर भावांच्या मागोमाग तो कस डमॅटो नावाच्या वस्तादाच्या तालमीत गेला. दोन्ही हात चेहऱ्यासमोर उंच धरून, हातांच्या फटीतून बघत लढायचं, ही डमॅटोची पद्धत फ्लॉइडने उचलली.

१९५२ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात ऑलिंपिक भरलं. फ्लॉइड तेव्हा १७ वर्षांचा. मिडलवेट गटात त्याने सुवर्णपदक जिंकलं.

त्याच ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा आणखी एक तरुण होता, इंगेमार योहानसन. तो हेवीवेटच्या अंतिम लढतीपर्यंत पोचला. समोर अमेरिकेचा एड सँडर्स होता. इंगेमार लांब लांब राहून फिरत राहिला, ठोसाच मारेना. दुसऱ्या फेरीत पंचांनी त्याला बाद केलं. कारण दिलं की हा लढतच नाही. त्याला रौप्यपदकसुद्धा दिलं नाही. घाबरट म्हणून त्याची नाचक्की झाली. पदकाशिवाय घरी परतताना त्या १९ वर्षांच्या पोराला काय वाटलं असेल, याचा विचार करा.

म्हणजे एकाच गावच्या जत्रेत एक फेटा बांधून परतला आणि दुसरा मान खाली घालून. सात वर्षांनी हेच दोघं समोरासमोर येणार होते.

फ्लॉइड भराभर वर गेला. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागोत त्याने आर्ची मूर या मुरलेल्या खेळाडूला पाचव्या फेरीत हरवलं. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात हेवीवेटचा जगज्जेता तोपर्यंत कोणी झालं नव्हतं. तिकडे इंगेमारही गप्प बसला नव्हता. १९५६ मध्ये तो युरोपचा विजेता झाला. १९५८ मध्ये त्याने आपल्या गावी, गोथेनबर्गला, अमेरिकेच्या एडी मेचनला पहिल्याच फेरीत पाडलं. त्याच्या उजव्या हाताचा ठोसा म्हणजे वीज पडल्यासारखा, असं लोक म्हणू लागले. पण अमेरिकेतल्या जाणकारांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या हिशेबी फ्लॉइड सहज जिंकणार होता.

२६ जून १९५९. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. पहिल्या दोन फेऱ्यांत विशेष काही झालं नाही. तिसऱ्या फेरीत इंगेमारचा तो उजवा ठोसा बसला आणि फ्लॉइड पडला. उठला, पण भानावर नव्हता. लढत संपली असं वाटून तो चक्क पाठ फिरवून चालायला लागला. पुन्हा मार बसला, पुन्हा पडला. अशा रीतीने एकाच फेरीत तो सात वेळा पडला आणि सातही वेळा उठला. शेवटी पंचांनीच लढत थांबवली. किताब स्वीडनला गेला.

फ्लॉइड घरी गेला आणि पडदे ओढून बसला. कित्येक आठवडे त्याला बाहेर पडावंसं वाटेना. शरीराची दुखणी बरी झाली, पण लोकांना तोंड कसं दाखवायचं हे कळेना. लहानपणी बोगद्यात लपणारा पोरगा आता स्वतःच्या घरात लपला होता. फरक एवढाच की आता सगळी दुनिया त्याला ओळखत होती.

अशात त्याला एक पत्र आलं. लिहिणारा होता आर्ची मूर. ज्याला हरवून फ्लॉइडने किताब मिळवला होता, तोच. मूरने लिहिलं होतं की तुला काय वाटत असेल ते मला ठाऊक आहे, हे पुष्कळांच्या वाट्याला आलंय. तुझ्याकडून हरणं मलाही जड गेलं होतं. पण डाव्या हाताच्या सरळ ठोशावर लक्ष दे, त्याच्याभोवती फिरत राहा, आणि किताब परत मिळवणारा पहिला माणूस तू होऊ शकतोस.

मैत्रिणींनो, या पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली, लिहिणारा स्वतः पडलेला होता. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. दुसरी, त्याने नुसता धीर दिला नाही, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं तेही सांगितलं. आपल्या गटात एखादीचं नुकसान झालं की आपण म्हणतो, "जाऊ दे गं, होईल नीट." ते चांगलंच आहे. पण ज्या बाईच्या कोंबड्या आधी गेल्या होत्या आणि जिने नंतर लसीचं वेळापत्रक पाळून धंदा सावरला, ती घरी जाऊन बसली तर त्याचा उपयोग जास्त.

फ्लॉइडच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, आणि ती मनाच्या जोराची नव्हती, कागदाची होती. पहिल्या लढतीच्या करारातच लिहून ठेवलेलं होतं की फ्लॉइड हरला तर त्याला परत एक लढत मिळेल. हे कलम नसतं तर कितीही कंबर कसली असती तरी दार उघडलं असतंच असं नाही. पुन्हा उभं राहायला हिंमत लागते हे खरं, पण दुसरी संधी कोणीतरी द्यावीही लागते. हे आपण बऱ्याचदा विसरतो.

मग तयारी सुरू झाली. शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी एक बंद पडलेला ढाबा होता. राहायला कसलंही सुख नाही. फ्लॉइड तिथे जाऊन राहिला आणि महिनोन्‌महिने सराव करत राहिला. पहिल्या लढतीचं चित्रीकरण त्याने पाहिलं. स्वतःला पडताना बघायचं, आणि कुठे हात खाली गेला, कुठे पाय चुकला हे शोधायचं, सोपं नाही ते. वजन वाढवलं. पहिल्या लढतीला तो साधारण ८२-८३ किलोंचा होता, दुसरीला ८६ किलोंचा झाला. म्हणजे चूक कुठे झाली ते पाहिलं, तब्येत कमावली आणि लढायची रीत बदलली. तोच माणूस तशाच तयारीने गेला असता तर तसाच पडला असता.

२० जून १९६०. न्यूयॉर्कचंच पोलो ग्राउंड्स मैदान. पाचव्या फेरीत फ्लॉइडने उडी घेऊन डाव्या हाताचा ठोसा मारला. इंगेमार पडला, कसाबसा उठला. मग तसाच आणखी एक ठोसा बसला. या वेळी इंगेमार पाठीवर पडला तो हललाच नाही. फक्त त्याचा एक पाय थरथरत होता. पंचांचे दहा आकडे मोजून झाले. जुनी म्हण मोडली. किताब गमावून परत मिळवणारा हेवीवेटचा पहिला माणूस म्हणून फ्लॉइड पॅटरसनचं नाव लिहिलं गेलं.

पण पुढे जे झालं ते आम्हाला त्या ठोशापेक्षा मोठं वाटतं. इंगेमार काही मिनिटं शुद्धीवर येईना. फ्लॉइडचा आनंद ओसरला. तो इंगेमारजवळ गुडघ्यावर बसला, त्याचं डोकं हातांवर घेतलं. पुढे त्याने सांगितलं की त्या वर्षभर त्याच्या मनात इंगेमारबद्दल नुसता द्वेष होता, आणि आपण पुन्हा कधी तसं होऊ नये असं त्याला वाटलं. हरल्याच्या रागावर माणूस उठतो खरा, पण तो राग पुढे सोबत न्यायचा की तिथेच टाकायचा, हेही ठरवावं लागतं.

१३ मार्च १९६१ रोजी मायामी बीचला दोघांची तिसरी लढत झाली. पहिल्याच फेरीत फ्लॉइड दोनदा पडला, मग इंगेमारही पडला. सहाव्या फेरीत फ्लॉइड जिंकला.

गोष्ट इथे संपवली असती तर ऐकायला गोड झाली असती. पण इतिहास आपल्या सोयीसाठी थांबत नाही.

२५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत फ्लॉइडसमोर सनी लिस्टन उभा राहिला. तो अंगापिंडाने थोराड, तुरुंगात राहून आलेला, ज्याला बघूनच लोक घाबरायचे असा. लढत दोन मिनिटं आणि सहा सेकंदांत संपली. पहिल्याच फेरीत फ्लॉइड आडवा झाला. हरलो तर लोकांना तोंड दाखवावं लागू नये म्हणून त्याने खोटी दाढी-मिशी आधीच बरोबर आणून ठेवली होती! ती लावून, रात्रभर गाडी चालवत तो शिकागोहून निघाला. नंतर तोच वेश करून, लंगडत चालायचं सोंग घेऊन तो स्पेनमध्ये माद्रिदला जाऊन राहिला. २२ जुलै १९६३ रोजी लास वेगासला लिस्टनशी परत लढत झाली. या वेळी दोन मिनिटं दहा सेकंद. चार सेकंद जास्त टिकला एवढंच.

आता विचारा, इंगेमारपुढे जमलं ते लिस्टनपुढे का जमलं नाही? धीर तोच होता, मेहनतही केली होती. आम्हाला वाटतं, हरण्या-हरण्यात फरक असतो. इंगेमारसमोर फ्लॉइड हरला तो एका ठोशाच्या अंदाजात चुकल्यामुळे. ते सुधारता येण्यासारखं होतं. लिस्टन मात्र त्याच्याहून खूपच बलवान होता. तिथे चूक सुधारून भागणार नव्हतं. आपल्या धंद्यातही असंच असतं. पावसाने पापड भिजले तर पुढच्या वेळी ताडपत्री आणि शेड करता येते. पण गावात पाच किराणा दुकानं असताना आपलं सहावं चालत नसेल, तर तेच दुकान पुन्हा उघडून काय होणार? तिथे जिद्दीचा प्रश्न नसतो. तिथे धंदाच बदलावा लागतो.

पण फ्लॉइड संपला का? नाही. त्यानंतर तो नऊ वर्षं लढला. १९६५ मध्ये जॉर्ज चुवालोला, १९६६ मध्ये लंडनला हेन्री कूपरला आणि १९७२ मध्ये ऑस्कर बोनावेनाला त्याने हरवलं. १९६५ मध्ये तो मुहम्मद अलीकडून हरला. १९६८ मध्ये स्टॉकहोमला जिमी एलिसविरुद्धच्या लढतीत पंचांचा निर्णय त्याच्या विरुद्ध गेला, तो अनेकांना पटला नाही. शेवटची लढत २० सप्टेंबर १९७२ ला पुन्हा अलीशीच झाली. सातव्या फेरीनंतर डोळा सुजून बंद झाला आणि लढत थांबवली गेली. किताब तिसऱ्यांदा काही मिळाला नाही. पण खोट्या दाढीआड लपलेला माणूस दाढी काढून पुन्हा उजेडात आला. हे उठणं किताबाच्या वहीत लिहिलं जात नाही, तरी ते उठणंच आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर ही गोष्ट अर्धवट राहील. दरवेळी उठणं चांगलंच असतं का?

आठवतंय ना, हेलसिंकीला इंगेमारसमोर एड सँडर्स होता? सुवर्णपदक त्याने जिंकलं. पण दोनच वर्षांनी, डिसेंबर १९५४ मध्ये, बोस्टनच्या एका लढतीत तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. वय २४. जिंकणारा गेला आणि पदक नाकारलेला जगज्जेता झाला. जो लुई निवृत्त झाला होता, पण आयकराचं प्रचंड देणं डोक्यावर होतं म्हणून तो परत आला. १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्जापायी शरीर पणाला लावणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुहम्मद अली १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून हरला आणि १९७४ मध्ये त्याने किताब परत मिळवला. ते उठणं जगाने डोक्यावर घेतलं. पण पुढे १९८० आणि १९८१ मध्ये तो लढायला नको होता तेव्हाही लढला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं निदान झालं.

फ्लॉइडलाही हा हिशेब चुकवावा लागला. १९९५ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या खेळ आयोगाचा अध्यक्ष झाला. १९९८ मध्ये एका खटल्यात साक्ष देताना त्याला साध्या साध्या गोष्टी आठवेनात. कोणाला हरवून आपण पहिल्यांदा जगज्जेता झालो, हेसुद्धा सांगता आलं नाही. म्हणजे ज्या आर्ची मूरने पत्र लिहून त्याला उठवलं, त्याचंच नाव विसरलं. फ्लॉइडने राजीनामा दिला. ११ मे २००६ रोजी, ७१ व्या वर्षी तो वारला. शेवटच्या वर्षांत त्याला विस्मृतीचा आजार होता. डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदूची कायमची हानी होऊ शकते, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. आता बॉक्सिंगमध्ये ठोशाने बेशुद्ध पडलेल्याला ठरावीक काळ लढू देत नाहीत, ते याचसाठी. विश्रांती म्हणजे भेकडपणा नव्हे.

आणि इंगेमार? त्याची गोष्ट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. दोनदा हरल्यावर त्याने १९६२ मध्ये युरोपचा किताब पुन्हा मिळवला. एप्रिल १९६३ मध्ये ब्रायन लंडनविरुद्ध तो गुणांवर जिंकला, पण अगदी शेवटच्या क्षणी जोरदार ठोसा बसून पडला आणि घंटा वाजली म्हणून वाचला. जिंकलेला असूनही त्याने ओळखलं की आता पुरे. तिशीतच तो थांबला आणि उद्योगधंद्याकडे वळला. हेलसिंकीला नाकारलेलं रौप्यपदक त्याला ३० वर्षांनी, १९८२ मध्ये देण्यात आलं. त्याच्यावरचा डाग असा पुसला गेला, आणि त्या वेळी त्याला एकही ठोसा मारावा लागला नाही.

तीनदा एकमेकांना लोळवणारे हे दोघे पुढे जिवलग मित्र झाले. एकमेकांच्या देशात जायचे, एकमेकांकडे राहायचे. वय वाढल्यावर दोघे स्टॉकहोमच्या मॅरेथॉनमध्ये एकत्र धावले. वैर रिंगणातच राहिलं. इंगेमार २००९ मध्ये वारला. त्यालाही म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला होता.

हे सगळं परदेशातल्या पुरुषांचं झालं, असं वाटत असेल तर आपल्या नांदेड जिल्ह्याच्या शेजारी बघा. तेलंगणातलं निझामाबाद हे निखत झरीनचं गाव. २०१७ मध्ये तिचा खांदा दुखावला. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत निवड चाचणीत मेरी कोमने तिला ९-१ असं हरवलं. त्या दिवशी पुष्कळांना वाटलं असेल की संपलं हिचं. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली. २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र चीनच्या वू यूकडून लवकर हरली. म्हणजे उठली, आणि परत पडलीही. एकदा उठलं की पुढे पडणारच नाही, असं वचन कोणी देत नाही.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? मोठी हार झाल्यावर उठता येतं. पण ते एकट्याच्या जिद्दीवर होत नाही. फ्लॉइडला पत्र लिहिणारा कोणी होता, करारात दुसरी संधी होती, सरावाला वर्षभराचा वेळ होता, आणि आपलं पडणं डोळे उघडे ठेवून बघायची त्याची तयारी होती. यातलं एक जरी नसतं, तर ती जुनी म्हण कदाचित आणखी काही वर्षं खरी ठरली असती. आणि कधी थांबायचं, हे कळणं हाही उठण्याचाच भाग आहे.

म्हणून, मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं करा. गेल्या वर्षभरात नुकसान होऊन जी बैठकीला यायची थांबली आहे, तिचं नाव घ्या. हिशेबाच्या वहीत नव्हे, तोंडाने घ्या. जिचं आधी असंच नुकसान झालं होतं आणि जी सावरली, तिने तिच्या घरी जावं. सोबत चहा प्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. नेमकं काय चुकलं? ते सुधारता येण्यासारखं आहे, की धंदाच बदलावा? आणि आत्ता तिला कर्ज हवंय, की आधी थोडी विसावा घ्यायची सवलत हवीय? उत्तरं घेऊन गटात या, मग ठराव करा. दुसरं कर्ज द्यायचंच असं आम्ही म्हणत नाही. पण तिला न विचारता "तिला आता जमणार नाही" असं लिहून टाकू नका. दहा आकडे मोजून होईपर्यंत तरी थांबायला हवं.